बाहेर बसायची जागा

माझ्या वर्गातला पहिला धडा पट्टीचा नव्हता आणि बर्फाचाही नव्हता. तो हाताचा होता. उजवा हात सरळ वर न्यायचा, तळवा खेळाडूकडे करायचा. याचा अर्थ, तू बाहेर. मग ती कप्तान असो, सरपंचाची लेक असो, नाहीतर शेवटचा डाव हातचा जात असो. पंचांच्या नियमात ही खूण नव्हती, ती मी माझ्या मुलींपुरती बसवली होती. हात वर गेला की वाद घालायचा नाही, लिंबाच्या सावलीत पोतं अंथरलेलं असे तिथे जाऊन बसायचं. पट्टी काय, कुणीही बांधतं. दुखावलेल्याला बाहेर बसवणं हेच खरं काम, असं मी पोरींना घसा कोरडा पडेपर्यंत सांगायची.

शाळा आमची सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेची. इकडे शाळा, तिकडे धुराडं, मध्ये मैदान. मी तिथे खेळ शिकवायला लागले तेव्हा गावाची समजूत अशी होती की पीटीच्या बाईनं शिट्टी वाजवावी, पंधरा ऑगस्टला संचलन घ्यावं आणि इतर वेळी गैरहजर शिक्षकांचे तास सांभाळावेत. मी शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलींना खेळातल्या दुखापतींचा वर्ग घ्यायला लागले, तेव्हा एका पालकानं मला तोंडावर विचारलं होतं, "पाय मुरगळला तर चोळायचा. त्याला शाळा कावून लागती?" मी म्हटलं, "चोळल्यानं वाढतं म्हणून लागती." मी तोंडाची फटकळच. त्यामुळे माझ्या वर्गात मोजक्याच पोरी यायच्या, पण ज्या यायच्या त्या मन लावून शिकायच्या.

बर्फ आम्हाला दूध संघाच्या शीतकरण केंद्रातून मिळायचा. तिथला माणूस आमच्याच एका विद्यार्थिनीचा मामा होता. संध्याकाळी एक पोरगी गोणपाटात गुंडाळलेला तुकडा घेऊन पळत यायची. पट्ट्या आम्ही जुन्या सुती लुगड्यांच्या फाडायचो. ताणाची विकतची पट्टी शाळेत एकच होती आणि ती धुऊन धुऊन फडक्यागत झाली होती. गुडघ्याच्या आतली दोरी तुटली का हे बघायला मुलीला निजवायचं, गुडघा वाकवायचा, तिच्या पावलावर बसायचं आणि नळीचं हाड आपल्याकडे ओढायचं. दोरी शाबूत असेल तर हाड हलत नाही. तुटली असेल तर काड्यापेटीच्या आतल्या खोक्यासारखं पुढे सरकतं. पोरींनी या तपासणीचं नावच काड्यापेटी ठेवलं होतं.

ही काड्यापेटी सगळ्यात चांगली करायची ती एक मुलगी होती. नववीतली, ऊसतोड करणाऱ्या घरातली. आईबाप दिवाळीनंतर टोळीबरोबर साखरपट्ट्यात जायचे आणि ही हंगामी वसतिगृहात राहायची. खो-खोत ती खांबाला असा वळसा घ्यायची की मागची पोरगी मातीत लोळायची. तिच्या हाताला मात्र निराळीच समज होती. दुसरीच्या घोट्यावर बोट ठेवायची ते नेमकं दुखऱ्या जागी. पट्टी बांधून झाली की पायाच्या बोटांची नखं दाबून बघायची. नख पांढरं होऊन परत गुलाबी झालं की रक्त नीट वाहतंय, नाहीतर सोडून पुन्हा बांधायचं. हे मी शिकवलं होतं सगळ्यांना, पण न चुकता करायची ती एकटीच. हिला नर्सिंगला घालायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. तिच्या घरच्यांना विचारायचं तेवढं बाकी होतं, आणि विचारायला माझ्याकडे वेळ आहे असं मला वाटत होतं.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी कमी झाला, दुसऱ्या वर्षी झालाच नाही. आमच्या भागात ऊस उरला नाही, तेव्हा आमच्याच कारखान्याचं धुराडं थंड पडलं. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि शीतकरण केंद्राच्या दाराला कुलूप लागलं. बर्फ संपला. मी माठातलं पाणी फडक्यावर घेऊन सुजेवर ठेवायला शिकवायला लागले, तर एक आई तरातरा शाळेत आली. "टँकरचं पानी हाय ते बाई. पिऊ का पायावर वतू?" तिच्यापुढे माझं काही चाललं नाही. एरवी खो-खोच्या आधी मैदानावर पाणी मारायचो, तेही बंद झालं. जमीन भाजलेल्या विटेसारखी टणक झाली. पोरींच्या नळ्या दुखायला लागल्या, गुडघे सोलून निघायला लागले. खेळ बंद करावा असं मला रोज वाटायचं. पण त्या दिवसांत पोरींच्या तोंडावर हसू दिसायचं ते फक्त मैदानावर, म्हणून मी चालू ठेवला.

दिवाळी तोंडावर आली असताना तिनं खांबाला वळसा घेतला आणि पाय तिथंच राहिला. जमिनीच्या भेगेत टाच अडकली आणि अंग फिरलं. गुडघ्यातून आलेला आवाज मी ऐकला. मी हात वर केला, पण त्याच्या आधीच तिनं खाली पडल्यापडल्या स्वतःचा हात वर केला होता. मला तेव्हासुद्धा तिचं कौतुक वाटलं. पोतं आणलं, तिला निजवलं, काड्यापेटी केली. हाड सरकलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सरकलं ना बाई? मला कळलं."

मी तिला अंबाजोगाईला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, त्यांनी नीट समजावून सांगितलं. आतली दोरी तुटली आहे. पण दोन हाडांमधली गादी अजून चांगली आहे. सहा महिने ओझं नाही, उकिडवं बसणं नाही, सांगितलेला व्यायाम करायचा, मग ऑपरेशनचं बघू. पोरगी चांगली चालेल, पळेलसुद्धा. पण आता या गुडघ्यावर ओझं पडलं तर गादी फाटेल, आणि मग हा पाय जन्मभर असाच. एसटीत परत येताना ती खिडकीशी बसून व्यायाम बोटांवर मोजत होती. मला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आमच्याकडे ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट साळून मोळी बांधायची, आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून दोघांनीही ट्रकवर चढायचं. एकट्या माणसाला टोळीचा मुकादम घेत नाही. अर्धा कोयता म्हणजे कोयताच नाही. गेल्या हंगामात तिची आई फळीवरून मोळीसकट पडली होती आणि तेव्हापासून तिची कंबर धरलेली होती. तिला खाटेवरून उठायलाही आधार लागायचा. बापानं मुकादमाला शब्द देऊन ठेवला होता. शेतात काडी नव्हती, गावात काम नव्हतं. त्याला अर्धा कोयता भरून काढायचा होता, आणि घरात मोठी म्हणावी अशी लेक ती एकच होती.

मला हे कळलं ते टोळी निघायच्या दिवशी. मी चपला अडकवून तशीच निघाले. वेशीजवळ ट्रक उभा होता. पत्रे, चुलीच्या विटा, कोंबड्यांचा खुराडा, शेळी, पोरं असं सगळं चढत होतं. ती बाजूला दगडावर बसली होती, लंगडा पाय पुढे पसरून. मी तिच्या बापाला गाठलं आणि बोलायला सुरुवात केली. दोरी, गादी, डॉक्टर, सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खरोखरच न समजून म्हणाला,

"पर बाई, तालुक्याच्या सामन्याला आमी आलतो. त्या पोरीचा पाय मुरगाळला, तुमी पट्टी बांधली, आन् ती पुन्यांदा खेळायला उतरली. जितली बी. आमी डोळ्यानं बघितलंय."

"तिचा नुसता घोटा मुरगळला होता हो. हा गुडघा आहे. आतून तुटलाय."

"मंग लई आवळून बांधा. फाल्गुनापतूर टिकंल अशी."

त्यानं माझी विद्या बघितली होती, तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि त्या विश्वासावरच तो लेकीला घेऊन चालला होता. ज्यांनी माझी टर उडवली त्यांनी बिचाऱ्यांनी काही नुकसान केलं नव्हतं. मी मुकादमाकडे गेले. तो म्हणाला, "बाई, मी न्हाई म्हनतो. एक कोयता कमी. मंग ह्या मानसानं खायाचं काय, ते तुमी सांगा." तिला माझ्या घरी ठेवते म्हणाले, तर बाप म्हणाला, तिला ठेवाल, पर कोयता कुठून आणू? मी त्या भर गर्दीत रडले. लाज वाटली नाही.

आमचं चाललं होतं तेवढ्यात तिनं पिशवीतून लुगड्याची पट्टी काढली. घागरा वर सारला आणि गुडघा बांधायला घेतला. खालून वर, मागून पुढे, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे, वाटी मोकळी सोडून. टोक खोचलं. मग वाकून अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं.

"बघा बाई, गुलाबी हाय."

मला त्या पट्टीत एकही चूक सापडली नाही. मी वेड्यासारखी चूक शोधत होते. ट्रकचा चालक हॉर्न वाजवायला लागला आणि बापानं तिला काखेत धरून वर चढवलं.

त्या हिवाळ्यात मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. वर्ग बंदच होता. बर्फ नाही, पाणी नाही, आणि निम्म्या पोरी तशाही बाहेरगावी. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्या पट्ट्यांची शिसारी आली होती.

फाल्गुनात टोळी परतली. ट्रक वेशीत थांबला आणि बायका एकेक करून उतरायला लागल्या. कुणाच्या मनगटाला पट्टी, कुणाच्या घोट्याला, एका म्हातारीच्या दोन्ही गुडघ्यांना. सगळ्या पट्ट्या बांधण्याची एकच रीत, टोक खोचायची एकच जागा. माझीच. मुकादम उतरला तो हसतच माझ्याकडे आला. "बाई, तुमच्या पोरीनं टोळी तारली बगा. यंदा एक बी कोयता बसला न्हाई. पुढल्या साली अजून चार पोरी तयार करा." तो मनापासून बोलत होता. हंगामभर त्याच्या टोळीतलं कुणीही आजारी पडून बसलं नव्हतं. दुखलं की बांधायचं आणि पुन्हा उसाच्या फडात जायचं.

पुढच्या आठवड्यात माझा वर्ग भरला. वर्षानुवर्षं मी ज्यांच्या दारात जाऊन पोरी पाठवा म्हणून विनवलं, त्यांनी आपण होऊन पाठवल्या. पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. घालवून द्यावं असं वाटलं, पण त्यांच्याकडे बघून तेही जमेना. तीही आली होती, मागे भिंतीला टेकून उभी. खाली बसत नव्हती.

मी पहिला धडा घेतला. हात वर केला, तळवा दाखवला. तू बाहेर. लिंबाची सावली दाखवली, पोतं दाखवलं.

पुढच्या रांगेतल्या एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, "बाई, हितं लिंब हाय. फडात बाहेर म्हंजी कुठं?"

कुणी हसलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती आईबरोबर फडात राहून आलेली होती, आणि जिथं उभं राहिलं तर काम अडत नाही अशी जागा तिनं तिथे बघितली नव्हती. मी म्हटलं, "उद्या सांगते." आणि वर्ग सोडला.

सगळ्या गेल्या तरी ती मागे भिंतीशी उभीच होती. मी तिला म्हटलं, "नीज, बघते." ती पोत्यावर आडवी झाली. मी गुडघा वाकवायला गेले, तर तो अर्ध्यातच अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. तिनं ओठ दातात धरले, पाय हातानं हळूच आत-बाहेर फिरवला, आणि तो सुटला. हे तिला सवयीचं झालेलं दिसलं.

"गादी गेली बाई," ती म्हणाली. "मधीच अडकतो ते तेच ना? तुमी फळ्यावर काढून दावलंतं. पौष महिन्यापासनं अडकतोय. तवाच कळलं मला."

मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले. इतकी नेमकी ती शिकली होती की मला खोटं बोलायलाही जागा ठेवली नव्हती. रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. ती चटकन उठली, पट्टी गुंडाळली, नख दाबून बघितलं, आणि शाळेच्या फाटकाशी ठेवलेल्या आपल्या दोन घागरी उचलून चालायला लागली. पाय बाहेरच्या अंगाला फेकत चालली होती. आई खाटेवर, बाप नुकत्याच निघालेल्या रोजगार हमीच्या कामावर, तिच्याशिवाय घरात पाणी भरणार कोण?

माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. तळवा तिच्याकडे.

तिनं फाटकातून वळून बघितलं. खूण तिला नीट कळली. ती हसली आणि ओरडून म्हणाली, "पानी भरून येते, बाई! मंग बसते!"