मेलेल्याला बोलतं करण्याची फी

गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी लीड्सला माझा जुना मित्र विलास याच्या घरी आम्ही तिघं होतो: त्याची एकुलती मुलगी मीरा, माझी बायको सुनंदा आणि मी. विलासचे अंत्यसंस्कार त्याच आठवड्यात झाले होते. अस्थींचा डबा खिडकीत होता आणि माझ्या पाकिटात चारशे वीस पाउंड. इथे आपल्यातलं कुणी गेलं की मराठी मंडळातली घरं न सांगता पैसे काढतात आणि अस्थी नाशिकला पोचतात. मीराला कुणी विचारलंच नव्हतं. तिला त्या इथल्याच व्हार्फ नदीत सोडायच्या होत्या. बापलेक तिच्या काठाने फिरायला जायचे. आता घरोघर जाऊन पैसे परत करायचे, कारणं सांगायची, हे माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "अगं, गोदावरीतच जायची इच्छा होती त्याची. हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, 'मला घरी ने.'"

मीराने डब्याकडे पाहिलं. "ओके काका. बाबा म्हणाला असेल तर तसंच."

विलास असं काही म्हणाला नव्हता.

तो भूल देणारा डॉक्टर, मी कौन्सिलच्या हिशेब खात्यात. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास, मीरा शाळेत होती तेव्हा, रविवारी दुपारी तो, मीरा आणि मी फासे टाकून राक्षस-मांत्रिकांचा एक खेळ खेळायचो. विलासला जाडजूड फँटसी कादंबऱ्यांचं वेड होतं, आणि खेळात तो हटकून नेक्रोमॅन्सर व्हायचा, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक. मी चिडवायचो, "तुझ्या एका तरी पुस्तकात हा इसम चांगला आहे का रे? काळा झगा आणि सांगाड्यांची फौज. दुष्टच असणार तो."

"मी रोज चार-पाच जणांना मेल्यासारखं करतो आणि परत आणतो," विलास म्हणाला. "मला घाबरतोस का तू?"

मीरा हसून हसून टेबलावर आडवी झाली. मी हट्ट सोडेना, तेव्हा तो जरा गंभीर झाला. "उठवणं वाईट नाही रे, हिशेबनीस. मेलेला 'नाही' म्हणू शकत नाही, म्हणून त्याला आपल्या कामाला जुंपायचं... ते वाईट."

मला तो शब्दांचा खेळ वाटला. मांत्रिक दुष्ट असला की वाचकाला सोयीचं जातं, हिशेब सरळ राहतो, असं माझं मत. विलासने मात्र आमच्या खेळापुरता नियमच करून टाकला. "आधी विचारायचं, फी ठेवायची, आणि तो बोलेल तेवढंच ऐकायचं." मेलेल्या पात्राला बोलतं केलं की मार्मलेडच्या रिकाम्या बरणीत दोन पेन्स. मी कुरकुरायचो, पण फी कधी चुकवली नाही.

डिसेंबरात मंडळातलं एक कुटुंब भारतात गेलं. विलासच्या भावाने अस्थी गोदावरीत सोडल्या. सगळं नीट पार पडल्याचा फोन आला तेव्हा मी सुनंदाला म्हटलं, सुटलो.

जानेवारीत मीराला घर आवरू लागायला गेलो. तिने कपाटातून ती बरणी काढली, तळाशी अजून नाणी होती. तीत तिने स्वतःचे दोन पेन्स टाकले आणि समोर बसली. "काका, परत सांगा ना. बाबा एग्झॅक्टली कसं बोलला? मला त्याचा आवाज आठवेनासा झाला आहे. तुम्ही त्याच्यासारखं करून दाखवा."

मी तोंड उघडलं... आणि मला जमेना. मग खरं काय ते सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "नदी तर इथेच होती, काका," एवढंच म्हणाली, आणि चहाचे कप विसळायला घेतले.

विलासच्या पुस्तकांतल्या मांत्रिकाला निदान स्वतःचं काम ठाऊक असतं. मी त्या नोव्हेंबरातल्या रविवारी खोटं बोलून, पोळ्यांचा रिकामा डबा घेऊन घरी निघालो होतो, सभ्य माणसासारखा.

हा लेख मी गेल्या रविवारी मीराला वाचून दाखवला. न विचारता छापायचा नव्हता. यात विलास चार वेळा बोलतो, म्हणून दोन पेन्सची चार नाणी पुढे ठेवली. तिने तीन बरणीत टाकली. चौथं बोटाने माझ्याकडे सरकवलं.

"हे बाबाचं नाही."

विलासला सहा पेन्स पोचले. उरलेले दोन माझ्या पाकिटात आहेत, चारशे वीस पाउंड होते त्याच कप्प्यात.