गंगेत न विरघळलेलं हाड

"अक्का, मडकं उतरवू नकोस हं. बगळ्याचं मांस अजून सुटलं नाही," नाना उंबऱ्यातून ओरडला आणि छत्री बगलेत मारून गंगापूरच्या वाटेला लागला. माझ्या धाकट्या भावाचे हे शेवटचे शब्द. लोकांचे भाऊ जाताना काहीतरी देवाधर्माचं बोलून जातात... आमचा हा! दुपारी तिकडचा मळेवाला गणपत बैलगाडी घेऊन दारात आला. "नाना गेले, अक्का. दरडीपाशी बसल्या जागीच गेले. लय हाका मारल्या, पण उठलेच नाय." परसातल्या चुलीवर बगळा तेव्हाही रटरटत होता.

नाना शाळेत शास्त्र शिकवायचा. गंगापूरला गंगेकाठच्या त्याच दरडीतल्या गोट्यांत त्याला पूर्वी एक हाड सापडलं होतं, पक्ष्याच्या पायाचं, पार दगड झालेलं. ते कोणत्या पक्ष्याचं, या एका प्रश्नानं त्याला झपाटलं. ताडून बघायला आजच्या पक्ष्यांची हाडं हवीत, म्हणून कुठे पाखरू मेलं की ते आमच्या मडक्यात शिजायचं, मग हाडं धुऊन फळीवर. ब्राह्मणआळीत हे चाललेलं! बायका नाकाला पदर लावून जात. शेजारच्या उमाकाकूंनी एकदा खवचटपणे विचारलं, "आज काय, कोंबडी का?" मी म्हटलं, "छे, घुबड. पाठवू वाटीभर?" त्यानंतर काही दिवस त्या बोलल्या नाहीत, तेवढीच शांतता.

संध्याकाळी नाना हाडं माझ्या हातात देई. "बघ, पक्ष्याच्या पायातली सुटी हाडं जुळून एकच नळी होते. खाली तीन गाठी, तीन बोटांसाठी. बदकाच्या निराळ्या, कोंबडीच्या निराळ्या." फार पूर्वी पक्ष्यांना दातसुद्धा होते म्हणे. मग एकेक घराणं फुटत गेलं, आणि माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी बगळ्याचं बगळेपण ठरून गेलं होतं, असं तो रंगात येऊन सांगायचा. मी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. माझ्या हातात लोकांनी जपमाळ दिली होती, नानानं हाडं दिली. मला त्याचा फार अभिमान वाटे आणि आजही वाटतो.

अस्थी सोडायच्या दिवशी आमचे थोरले चुलतभाऊ भाऊराव त्र्यंबकहून आले. मी आत होते तेवढ्यात त्यांनी फळीवरची सगळी हाडं, त्या दगडी हाडासकट, धोतराच्या फडक्यात बांधली आणि नानाच्या अस्थींबरोबर रामकुंडावर नेली. विटाळ एकदाचा जाईल आणि त्या मुक्या जिवांनाही मुक्ती मिळेल, असा त्यांचा भाबडा हिशेब. रिकामी फळी दिसताच मी तशीच धावले. गाठोडं पाण्यावर धरलेलं होतं. मी खसकन ओढून घेतलं.

"अक्का, वेड लागलं का? चार लोक बघताहेत!"

"बघू देत. माझ्या भावाच्या अस्थी सोडा, पाखरांची हाडं माझी आहेत."

"अगं, इथं हाडं विरघळतात. तेवढंच पुण्य!"

मी गाठोड्यातून ते दगडी हाड काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे या गंगेच्याच पोटात होतं, भाऊराव. युगं गेली. विरघळायचं असतं तर तेव्हाच विरघळलं असतं."

विधीला बसलेले उपाध्ये फिसकन हसले. भाऊरावांनी मात्र तिथेच बजावलं, "त्र्यंबकला आमच्याकडे राहायला ये. पण ही हाडं उंबऱ्याच्या आत येणार नाहीत." मग मीही जाणार नाही, म्हटलं. गेले नाही. आळीतल्या मुलींना शिवण शिकवते, माझं भागतं.

तो शेवटचा बगळा मीच धुतला, वाळवला, ताडून पाहिला. जुळला नाही. दगडातल्या हाडाची मधली गाठ निराळी आहे. म्हणजे हा बगळा नव्हे, बदक नव्हे, कोंबडी तर नव्हेच. असो. काल गणपतनं मेलेला करकोचा आणून दिला, आणि सकाळपासून परसात धूर आहे. उमाकाकू भिंतीवरून डोकावल्या. "अक्का, नाना तर गेला. आता हे कुठवर?"

"हाडाला नाव मिळेपर्यंत."

त्या हळहळत आत गेल्या. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. नाना, मडकं मी उतरवलेलं नाही रे.