मैदानातल्या चकरा

गावाहून फोन आला, वडील गेले. इथं कोइमतूरला, आमच्या सोनं गाळायच्या भट्टीपलीकडं लेक मोठ्यानं इंग्रजी पाठ करत होती, "वाँडर म्हणजे उगाच भटकणं."

विट्याच्या शाळेत, मी नववीला असताना, बाई हाच शब्द शिकवत होत्या. बाहेर मैदानात एक अनवाणी माणूस चकरा मारत होता. "त्यो बघा बाई, वाँडर!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. ते माझे वडील होते. शरमेनं मी मान वर केली नाही.

तास संपल्यावर ते दाराशी आले. "दप्तर घे, बाळा. आई गेली रं."

तो माझा शाळेतला शेवटचा तास. वडिलांनी तो पुरा होऊ दिला, हे मला इतक्या वर्षांनी उमगलं. लेकीला हाक मारवेना. तिचा धडा संपेपर्यंत मी भट्टीभोवती चकरा मारत राहिलो.