हगवणीनं जिंकलेली बोलणी

माझ्या नातीचं शिक्षण माझ्या हगवणीनं वाचवलं. हे मी छाती फुगवून सांगतो.

आम्ही घाटंजीकडचे कापूसवाले. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. (म्हणजे चौथीच्या दारापर्यंत. आत मास्तर होता!) पण औषधातलं मला समजतं, हा माझा जुना समज. दाढ सुजली तेव्हा डॉक्टरनं जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. दाढ बसली, गोळ्या संपल्या. पण एवढं जालीम औषध, ते असं अर्धवट कायले सोडायचं? रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवलं आणि तीच गोळी पुन्हा आणली. मग पोट ढिलं झालं.

"जंतू राह्यले असतीन अजून," मी बुढीला म्हटलं, आणि आणखी एक गोळी टाकली.

"आवो, गोळ्या सुरू केल्या तवापासूनच तर बिघडलं तुमचं पोट!"

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

गोळी वाढली, तसं पोटही वाढत्या जोरानं वाहू लागलं. आणि नेमके तेव्हाच नात पल्लवीला पाहुणे यायचे होते! पोरगी यवतमाळला नर्सिंग शिकते. ती सकाळीच माझ्याजवळ येऊन बसली.

"आबाजी, पोरगा मले पसंत आहे. पण त्याचे आजोबा म्हणतात, शिक्षण सोड. शिक्षण सुटत असन तर मी हे लगन करत नाही. बाबा तर साऱ्यालेच हो म्हणतात. तुम्हीच बोला."

"मी आहो ना!" मी मिशीवर हात फिरवला.

"पण तुमचा चेहरा काहून उतरला? पोट दुखून राह्यलं का?"

"काही नाही व! वाघ आहो मी!" (वाघाला तेव्हा मांडी घालून बसवत नव्हतं.)

आमच्याकडे बोलणीत घरचा म्हातारा सतरंजीवरून उठला, की बोलणी फिसकटली असं धरतात. त्यामुळे मी मांड घट्ट ठोकून बसलो. समोर पोराचे आजोबा मारोतराव. आवाज असा की कौलं हलावी.

"पोरगी शिकली तेवढी बस झाली, किसनरावजी! लगन याच उन्हाळ्यात, अन् शिक्षण बंद!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर उत्तर पोटानं दिलं. मी ताडकन उठलो आणि एक शब्द न बोलता परसाकडे सुटलो!

परत आलो तर मारोतरावांचा आवाज अर्ध्यावर आलेला. "रागावू नका जी. बरं, हे वर्ष शिकू द्या तिले."

मी आभार मानायच्या बेतात होतो. तेवढ्यात दुसरी कळ! पुन्हा उठलो. मागून माझा पोरगा दिलीप धावत आला आणि संडासाच्या दाराशी उभा राहून रडकुंडीला आला.

"बाबा, आता जास्त ताणू नका! सोयरीक तुटन!"

"अबे, मी कुठी ताणून राह्यलो!" मी आतून ओरडलो.

आलो. घामानं डबडबलेलो, डोळे लाल. मारोतराव हात जोडून म्हणाले, "पुरं शिक्षण होऊ द्या! लगन त्याच्यानंतर!"

मी दात आवळून बसलो होतो. बसल्या बसल्या गुडघे हलले मात्र, आणि मारोतराव घाबरून किंचाळले, "नोकरीही करू देऊ! आता तं उठू नका!"

"झालं," मी म्हटलं. सुपारी फुटली, साखर वाटली, आणि मी आडवा झालो.

"आनंदानं चक्कर आली बिचाऱ्याले," मारोतराव म्हणाले.

पल्लवीला मात्र काय ते कळलं. तिनं माझ्या उशीखालचं पाकीट हुडकलं.

"आबाजी, वावरात चुकीचं तणनाशक मारलं तर काय होते?"

"पीक जळते. अन् ज्याले औषध लागू होत नाही ते गाजरगवत तेवढं माजते."

"तेच केलं तुम्ही पोटात! या गोळ्यांनी चांगले जंतू मारले, अन् या गोळीले न जुमानणारा एक बदमाश जंतू मोकळ्या रानात माजला. त्याच्याच विखारानं आतडं सुजलं."

यवतमाळला डॉक्टरनं शौच तपासलं. तोच बदमाश निघाला! माझी लाडकी गोळी बंद केली, सलाईन लावलं, दुसरं औषध दिलं. पल्लवीनं घरभर साबण ठेवले. तो जंतू हातावर चोळायच्या औषधाला भीत नाही म्हणे, साबणपाण्यानंच धुवावा लागतो. मी ठणठणीत झालो आणि पोरगी पांढरा ड्रेस घालून कॉलेजात परत गेली.

परवा मारोतराव भेटायला आले. माझा हात धरून हळूच म्हणाले, "खरं सांगा किसनरावजी, शेवटी आम्ही हो म्हटलं नसतं, अन् तुम्ही अजून एकडाव उठले असते, तर?"

"तर परत आलोच नसतो," मी मिशीला पीळ देत म्हटलं.

आणि हे शंभर टक्के खरं होतं. अंगावर होतं ते माझं शेवटचं कोरडं धोतर!