खंडेनवमीचा टॉवेल

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं माग चालवला. खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक मागावर नवा टॉवेल अंथरून हळदकुंकू वाहायचा, नारळ फोडायचा रिवाज होता. पूजा झाली की तो टॉवेल त्या मागाच्या कामगाराच्या घरी जायचा. त्याला कधी गेटपास लागला नाही. त्या वर्षी मॅनेजर नवा आला, फाटकावर माझी पिशवी उघडली गेली आणि मी चोर ठरलो.

नोकरी गेली. कामगार न्यायालयातही हरलो. रिवाज कागदावर कुठे आहे, असं विचारलं गेलं. कंपनीने पुरावा म्हणून ठेवलेला टॉवेल पांढराशुभ्र होता, कुंकवाचा एक ठिपका नाही. बदललाच असणार. पण ‘असणार’ कोर्टात चालत नाही.

मग मला जो तो विकला गेलेला दिसू लागला. रखवालदार, युनियनचा पुढारी, इतकंच काय, तारीख वाढवून घेतली म्हणून माझे वकीलसुद्धा. बायको म्हणाली, संशय घ्यायला आता तेवढा आरसा राहिलाय.

सगळ्यात जास्त संशय शेजारच्या मागावरच्या गड्याचा. दहा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. त्या दिवशी तो माझ्या पुढेच फाटकातून बाहेर पडला. टॉवेल त्याच्याकडेही होता, पण त्याची पिशवी कुणी उघडली नाही. नंतर तो माझा फोनही उचलेना. अपील करताना मी हट्टाने लिहायला लावलं, की यानेच आकसाने चुगली केली. वकील पुरावा मागत होते. मी म्हणालो, तुम्ही लिहा.

अपील दाखल झालं. रिवाज होता हे सांगणारा कारखान्यातला एक तरी माणूस हवा, असं वकील म्हणत होते. कुणी तयार होईना. एके दुपारी मी त्यांच्या ऑफिसात बसलो असताना हाच शेजारचा गडी तिथे आला. पिशवीतून टॉवेल काढून त्याने टेबलावर पसरला. मधोमध कुंकवाचा वाळलेला डाग. देवापाशी ठेवलेला, म्हणून धुतला नव्हता.

कंपनीचाच डाव असेल, हे माझ्या मनात पहिलं आलं. कुणी पाठवलं, असं मी त्याला विचारलंसुद्धा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वकिलांनी बजावलं, की प्रतिज्ञापत्र दिलंत तर तुम्हीही टॉवेल नेल्याची कबुली होईल, नोकरी जाऊ शकते. त्याने मान डोलावली. मग ते जरा अडखळले; अपिलात तुमच्याबद्दलही काही लिहिलंय, म्हणाले.

“वाचलंय की, साहेब,” तो म्हणाला. “मॅनेजरनंच दाखवलं मला. सही कुटं करायची तेवढं सांगा.”

वकील टेबलावर पेन शोधू लागले. माझ्या खिशाला पेन होतं. ते मला काढवेना.