नदीकाठची दुसरी खुर्ची

श्रीधरच्या अंत्यविधीला मी तीन आठवडे आधी पोहोचलो.

आपल्याकडे माणूस सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत सगळं उरकतं. त्यामुळे कुंदावहिनींचा इंग्लंडहून फोन आला आणि ‘श्रीधर गेले’ एवढं कानावर पडताच मी पुढचं काही ऐकलंच नाही. चार दिवसांची रजा टाकली, सिंगापुरातल्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवरून पांढरा सदरा उचलला आणि विमानतळ गाठला. त्यांच्या इवल्याशा गावात टॅक्सीतून उतरलो, तर वहिनी दारात.

“अहो भावोजी, नीट ऐकायचं तरी! इथे नंबर लागतो. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीय.”

निदान चेहरा तरी बघायला मिळेल? तोही सोमवारनंतर... माझं परतीचं विमान रविवारचं.

सिंगापुरात तुआसच्या गोदीत श्रीधरने आणि मी मिळून जहाजांची इंजिनं दुरुस्त केली. मी कायमचा लेटलतीफ. पुलाउ उबीन बेटावर फिरायला जायचं ठरलं की श्रीधर धक्क्यावर बोटवाल्याला थोपवून धरायचा, “थांब, आमचा एक नग यायचाय.” निवृत्त झाल्यावर तो मुलीजवळ राहायला या गावी आला. दहा-बारा घरं, एक चर्च, एक पूल, दुकानसुद्धा नाही. दर रविवारी नदीकाठचा फोटो पाठवायचा. दोन खुर्च्या; एकीत तो, दुसरी रिकामी. खाली लिहायचा, “ये की, नगा.” मी उत्तर द्यायचो, “पुढच्या उन्हाळ्यात नक्की!” असे चार उन्हाळे गेले.

खांदा द्यायला गेलेल्या माणसाने मग काय करावं? मी भांडी घासली. उपयोगी पडावं म्हणून गवत कापायला घेतलं, तर यंत्रच बंद पाडलं. शेवटी वहिनींनी मला नदीवर पिटाळलं. दुसऱ्या खुर्चीत बसलो. नदी कसली, आपल्याकडचा ओढाच. बदकं निवांत चालली होती. शेजारची त्याची खुर्ची मोकळी... थांबवायला बोटवाला नव्हता, आणि थांबवून तरी काय होणार होतं!

रविवारी निघालो. प्रत्यक्ष अंत्यविधीच्या दिवशी मी सिंगापुरात, बाल्कनीत, तोच पांढरा सदरा घालून फोनकडे बघत बसलो होतो. अखेर वहिनींचा फोन आला.

“झालं सगळं.” मग म्हणाल्या, “खुर्च्या आत घेतल्या नाहीत अजून. दोन्ही तिथेच आहेत.”

मी म्हटलं, “वहिनी, माझंच चुकलं. फार लवकर आलो मी.”

“लवकर कसले, भावोजी? चार वर्षं उशिरा आलात.”