यादीत न आलेलं तीर्थ

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना मी पुस्तक मिटून टाकलं. पंचेचाळिशीत आहारशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम घ्यायचं खूळ माझंच. सासरे, आमचे अप्पा, मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. तशा रुग्णांच्या घरी जाऊन दोन शब्द नीट सांगता यावेत, एवढीच इच्छा होती. शेवटचा धडा नेमका त्याच आजाराचा निघाला. वर्ज्य पदार्थांच्या तक्त्यात, पोटॅशियम फार म्हणून, नारळपाणी होतं. वाचलं आणि काळजात चर्र झालं.

अप्पांचं पथ्य मी कसोशीने सांभाळलं होतं. भाज्या उकडून पाणी ओतून द्यायची, मीठ चिमटीने घालायची. पण त्यांना बरं वाटावं म्हणून एकवीस दिवस देवापुढे रोज नारळ वाढवायचा नवस मी बोलले होते, आणि त्याचं पाणी तीर्थ म्हणून अप्पांनाच द्यायची. उन्हाळा होता, पेलाभर द्यायची. दवाखान्यात डॉक्टरांनी काय काय पोटात गेलं ते विचारलं, तेव्हा मी घडाघडा सगळी यादी सांगितली. नारळपाणी सांगितलं नाही. लपवलं नाही हो, ध्यानातच आलं नाही. तीर्थाला कोणी खाणंपिणं म्हणतं का? चौथ्या दिवशी अप्पा गेले.

घरात सांगायची छाती होईना. हे रोज विचारत, "अभ्यास झाला का?" मी "चाललाय" म्हणून ठोकून देई. मनात ठरवलं होतं, परीक्षेला बसायचं नाही. जिने आपल्याच माणसाला असं पाजलं, ती लोकांना काय कपाळ शिकवणार? गुरुवारी बस धरून हुबळीच्या मठात गेले, ते खरं सांगायचं तर भांडायला. माझी जीभ तिखट, देवालाही सोडत नाही. तुझंच तीर्थ होतं ना, मग या पापाची धनी मला का केलंस, असं म्हणत ओसरीवर बसून राहिले.

शेजारी अळणावरचं एक जोडपं टेकलं होतं. नवऱ्याचं डायलिसिस करून आलोय, गाडीला अवकाश आहे म्हणून दर्शनाला थांबलो, असं त्या बाई आपणहून सांगत होत्या. त्याचा चेहरा सुजलेला, दंडाला पट्टी. बाईंनी वाढवलेल्या नारळाचं पाणी पेल्यात ओतून त्याच्यापुढे केलं. माझा हात कधी त्या पेल्यावर गेला, मलाच कळलं नाही.

"अक्का, हे देऊ नका," मी कानडीत म्हणाले.

"देवाचं आहे की हो."

"असू दे. आधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही. माझे सासरे गेले."

घरात जे ओठांवर येत नव्हतं ते परक्या बाईपुढे निघून गेलं. तिने पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि माझा हात धरला. "तुम्हाला आज इथं कुणी बसवलं, अक्का?" एवढंच म्हणाली. मला रडू आवरेना.

संध्याकाळी मळमड्डीला घरी आल्याबरोबर ह्यांना सगळं सांगितलं. हे खाली मान घालून म्हणाले, "नवस तुझा. पण रोज बाजारातून नारळ कोण आणत होतं? मीच ना?" अप्पा गेल्यापासून आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र रडलो.

परीक्षेला हेच मला स्कूटरवरून घेऊन गेले. मी पासही झाले. अप्पा त्या पाण्यानेच गेले का, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, ती टोचणी राहणारच. शरण गेलं की देव आपला दोष पुसून टाकतो, असं मी समजत होते. त्याने काही पुसलं नाही. एका माणसापुढे तो पेला अडवायला लावला आणि दुसऱ्यापुढे तोंड उघडायला लावलं. भांडायला गेलेल्या बाईला याहून जास्त काय द्यायचं? मी रोज हात जोडते, आणि आता काही मागत नाही.